शाळेच्या प्रदर्शनासाठी पनामा देश आणि कालव्याचं चालतं मॉडेल कसं करायचं

लेकीच्या शाळेत सातवीला चिठ्ठ्या टाकून देश वाटले, मैत्रिणींना जपान, फ्रान्स, ब्राझील आणि हिला आला पनामा. घरी आली ती तोंड पाडूनच. माझे सासरे म्हणजे आबा पेपर वाचत होते, ते म्हणाले "पनामा? ती तर सिगरेट होती की." नवरा म्हणाला ते काळ्या पैशाचं पनामा पेपर्स वगैरे काहीतरी होतं ना. म्हणजे घरात चार माणसं आणि देश म्हणून पनामा कोणालाच माहीत नाही. पंधरा दिवसांनी मात्र आमच्याकडे जेवताना पण पनामाच चालू होतं. तुमच्या पोराला पनामा आला असेल तर आम्ही काय केलं, कुठे माती खाल्ली ते सगळं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, नेटवरून राजधानी, चलन, भाषा, झेंडा असं कॉपी करून चार्टपेपरवर चिकटवू नका. ते सगळेच करतात आणि परीक्षक समोरून चालत पुढे जातात. एक प्रश्न पकडा आणि सगळा देश त्या प्रश्नाला बांधा. आमचा प्रश्न आबांमुळे मिळाला. आबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, आयुष्य गेलं कालवे, गेट आणि आवर्तनं यात. लेक त्यांना वाचून दाखवत होती की जहाजं एका समुद्रातून वर चढतात, तळ्यातून जातात आणि दुसऱ्या समुद्रात उतरतात, तर ते मध्येच म्हणाले, "थांब थांब. वर चढतात तर वरच्या तळ्यात पाणी कुठून येतं? आणि प्रत्येक जहाजामागे किती जातं?" झालं, हाच प्रश्न. नाशिकच्या पोराला धरणातलं पाणी समजावून सांगावं लागत नाही, पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग किती आणि उन्हाळ्यात जायकवाडीला किती सोडायचं हे इथे लहानपणापासून कानावर पडतंच.

आता देशाची माहिती, पण नाशिकच्या मापात. पनामाचं क्षेत्रफळ साधारण ७५,००० चौरस किमी, आपला जिल्हा साडेपंधरा हजारांचा, म्हणजे जवळजवळ पाच नाशिक जिल्हे. आणि लोकसंख्या? चाळीस लाखांच्या थोडी वर. आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच ६१ लाख होती. म्हणजे आख्ख्या देशात आपल्या एका जिल्ह्यापेक्षा कमी माणसं! हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहा, लोक थांबतात. राजधानी पनामा सिटी, भाषा स्पॅनिश, पश्चिमेला कोस्टा रिका, पूर्वेला कोलंबिया. मध्य अमेरिकेतले सात देश मोजले तर हा सगळ्यात शेवटचा, दक्षिण अमेरिकेला टेकलेला. विषुववृत्तापासून साधारण ९ अंश उत्तरेला, म्हणजे आपल्याकडच्या केरळच्या खालच्या टोकाच्या रेषेत, म्हणून गरम, दमट, हिरवंगार. घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. चलनाचं नाव बाल्बोआ पण त्याची फक्त नाणी, नोटा अमेरिकन डॉलरच्याच, १९०४ पासून असंच चालू आहे. सैन्य नाही. एवढं एका कोपऱ्यात बास.

नकाशा मात्र स्वतः काढायला लावा, प्रिंट नको. कारण पनामाचा नकाशा डोक्यात आडवा बसायला वेळ लागतो. आपल्याला वाटतं अटलांटिक पूर्वेला आणि पॅसिफिक पश्चिमेला, मग कालवा पूर्व पश्चिम असणार. पण देश आडव्या झोपलेल्या एस सारखा वळलाय, अटलांटिकची म्हणजे कॅरिबियन समुद्राची बाजू वर उत्तरेला आणि पॅसिफिक खाली दक्षिणेला. कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड तर अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे अटलांटिकमधून पॅसिफिकला निघालेलं जहाज आग्नेयेकडे जातं. लेकीने हे तीनदा पुसून काढलं आणि मग तिला जे कळलं ते आम्हाला कोणाला समजावता आलं नसतं. बारू नावाचा ज्वालामुखी दाखवायला विसरू नका, देशातलं सगळ्यात उंच ठिकाण, ३,४७५ मीटरच्या आसपास, आकाश स्वच्छ असेल तर वरून दोन्ही समुद्र दिसतात. आणि कोलंबियाच्या सीमेवर दारिएनचं जंगल रंगवा, अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत जाणारा पॅन अमेरिकन हायवे फक्त तिथे साधारण १०० किमी तुटलाय, रस्ताच नाही.

आता मॉडेल. हे नीट वाचा कारण आमचे दोन दिवस यात वाया गेलेत.

सामान असं, दोन फूट लांब, दहा इंच रुंद, दहा इंच उंच काचेची माशांची टाकी, जुनी मिळाली तर उत्तम. चार एमएमची ॲक्रेलिक शीट, बोर्ड बनवणाऱ्यांकडे कापलेले तुकडे पडलेले असतात, स्वस्तात देतात. स्लायडिंग खिडक्यावाल्याकडून ॲल्युमिनियमची यू पट्टी, चार तुकडे. माशांच्या टाकीला चालणारं सिलिकॉन. व्हॅसलिन. आणि गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब दीड दोन मीटर, ही आम्हाला रविवार कारंजाकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळाली, दुकानदार म्हणाला "ताई स्लॅब टाकताय का?" म्हटलं नाही, कालवा खणतेय.

टाकीचे तीन भाग करायचे. डावीकडे गातून तळं म्हणजे कालव्याच्या मधलं ते वरचं तळं, मधे लॉक म्हणजे जहाजाची लिफ्ट, उजवीकडे समुद्र. दोन ठिकाणी समोरासमोरच्या काचांना आतून यू पट्ट्या उभ्या चिकटवायच्या, त्यात ॲक्रेलिकचं दार वरून सरकवायचं. दाराच्या खालच्या कडेला आणि पट्टीत भरपूर व्हॅसलिन. थोडं पाणी झिरपणारच, त्याने काही बिघडत नाही. सिलिकॉन लावल्यावर पूर्ण चोवीस तास हात लावायचा नाही, ट्यूबवर लिहिलेलं असतं ते खरं असतं. आम्ही संध्याकाळी चिकटवलं आणि रात्री जेवण झाल्यावर कोणाला धीर निघेना म्हणून पाणी भरलं, सकाळी उठून बघते तर पट्टी सुटून दार आडवं पडलेलं, वरचं पाणी काठावरून उसळून डायनिंग टेबलवर आणि टेबलाखाली लेकीचं इतिहासाचं पुस्तक. ते पुस्तक अजून फुगलेलंच आहे.

तळ्यात पाणी १८ सेंमीपर्यंत, समुद्रात ८ सेंमी. खऱ्या कालव्यात हा फरक २६ मीटर आहे, म्हणजे आठ नऊ मजली बिल्डिंग, आणि तो एका दमात नाही तर पायऱ्यांनी चढतात. अटलांटिककडे गातूनच्या लॉकला तीन पायऱ्या, पलीकडे पॅसिफिककडे पेद्रो मिगेलच्या लॉकला एक आणि मिराफ्लोरेसला दोन. मॉडेलमध्ये एक पायरी पुरे, तीन करायला गेलात तर वेडे व्हाल.

पाणी एका भागातून दुसऱ्यात न्यायला बहुतेक जण मोटर लावतात. लावू नका! कालव्याची खरी गंमतच ती आहे की जहाज वर उचलायला पाणी पंपाने चढवत नाहीत. वरच्या तळ्यातून पाणी भिंतीतल्या बोगद्यांमधून आपोआप खाली येतं, लॉकच्या तळाच्या भोकांतून वर येतं, ८ ते १० मिनिटांत लॉक भरतं आणि जहाज त्याबरोबर वर. आबांचं म्हणणं "पाण्याला उतार दिला की ते काम करतं, त्याला पगार लागत नाही." तर आपण भोकं पाडायच्या भानगडीत न पडता सायफन करायचा. लेव्हल ट्यूबचा तुकडा पाण्याने पूर्ण भरायचा, एक तोंड तळ्यात, दुसरं लॉकमध्ये, दाराच्या वरून उलटा यू, आणि मधे ट्यूब दुमडून कपड्याच्या चिमट्याने बंद. चिमटा काढला की पाणी सुरू आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की आपोआप बंद. गवंडी याच ट्यूबने भिंतीची लेव्हल बघतो, तेच तत्त्व.

इथे आमची दुसरी चूक. आधी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली होती, चाक फिरवून कमीजास्त होते म्हणून फार हुशारी वाटली. पण ती इतकी बारीक की लॉक भरायला वीस मिनिटं. परीक्षक वीस मिनिटं कशाला थांबतील? जाड ट्यूबने दीड दोन मिनिटांत काम होतं, तेवढ्यात पोराचं बोलून होतं.

आता एक जहाज वर चढवून बघा. साबणाची डबी समुद्रात सोडा, त्यात चार द्राक्षं ठेवा. समुद्राकडचं दार उचला, डबी लॉकमध्ये घ्या, दार खाली. तळ्याकडचा चिमटा काढा. पाणी येतंय, डबी वर येतेय, आणि त्याच वेळी बघा तळं चार सेंमी खाली गेलेलं असतं. दोन्हीकडे मधेच कुठेतरी पातळी सारखी होते आणि १८ पर्यंत आणायला तुम्हाला वरून तळ्यात चार सव्वाचार लिटर पाणी ओतावं लागतं. तो तुमच्या हातातला जग म्हणजे पनामाचा पाऊस. तळ्यात खायचा हिरवा रंग टाका आणि समुद्रात साधं मिठाचं पाणी, मग उतरताना लॉक रिकामं केलं की हिरवं पाणी समुद्रात जाताना स्पष्ट दिसतं. चार जहाजांत समुद्र पोपटी होतो. अजून एक करून दाखवायचं, पातळी सारखी नसताना दार उचलायला सांगायचं. पाणी त्याला असं दाबून धरतं की हलतच नाही. खऱ्या लॉकचं दार दोन पाखांचं असतं, मिटल्यावर बाणाच्या टोकासारखं वरच्या पाण्याकडे वळलेलं, म्हणजे पाणी जितकं जोर लावेल तितकं ते घट्ट बसतं.

लेकीला पातळीची खूण म्हणून काचेवर दुतोंड्या मारुती चिकटवायचा होता, कमरेला पाणी, छातीला पाणी, गोदावरीला पूर आल्यावर आपण बघतो तसं. आबांनी "देव असा साबणाच्या डबीशेजारी नको" म्हणून हाणून पाडलं. मग मार्करने रेघा मारल्या. मला आयडिया आवडली होती.

आकडे इथे सांगायचे, आधी नाही, कारण आता ऐकणाऱ्याला ते दिसतात. एक जहाज जुन्या लॉकमधून या समुद्रातून त्या समुद्रात गेलं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. आबांनी लगेच कागदावर मांडलं, आपलं गंगापूर ५,६३० दशलक्ष घनफुटांचं, भरलेलं आख्खं धरण दिलं तर सुमारे ८०० जहाजं जातील, आणि तिथे चांगल्या दिवसांत रोज ३६ च्या आसपास जातात, म्हणजे गंगापूर २२ दिवसांत तळाला. हा हिशोब आम्ही वेगळ्या पिवळ्या कागदावर लावला आणि सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघाले. गातून तळं पण धरणानेच झालंय, चाग्रेस नदीवर मातीचा बांध घालून, ते भरताना गावं पाण्याखाली गेली. आणि तेच पाणी पनामा सिटी आणि कोलोन शहरं पितात, देशातले निम्म्याहून जास्त लोक. २०२३ ला एल निनोमुळे पाऊस दगा देऊन गेला तर जहाजांची संख्या रोज २४ पर्यंत, कधी त्याच्याही खाली आणावी लागली, बाहेर समुद्रात रांगा लागल्या. आता इंदिओ नदीवर नवीन धरण बांधायचं चाललंय आणि तिथली गावं विरोध करतायत. २०१६ ला जे मोठे लॉक उघडले त्यात बाजूला हौद आहेत, त्यातून साधारण ६० टक्के पाणी परत वापरतात. तुम्हाला हौस असेल तर टाकीशेजारी एक आईस्क्रीमचा डबा ठेवून हे पण दाखवता येईल, आम्हाला वेळ नाही मिळाला.

इतिहास सांगताना पोरं सन पाठ करतात आणि विसरतात. म्हणून एकच तारीख पक्की करा, १५ ऑगस्ट १९१४, त्या दिवशी आंकोन नावाचं जहाज गेलं आणि कालवा सुरू झाला. १५ ऑगस्ट आहे, विसरणार कसं. बाकी गोष्टीसारखं सांगा. आधी फ्रेंच आले, ज्याने सुवेझ खणला तोच फर्डिनांड द लेसेप्स, १८८१ ला काम सुरू केलं. सुवेझला लॉक नाहीत, सपाट वाळवंट, समुद्राच्या पातळीवर सरळ चर. त्याला वाटलं इथे पण तसंच करू. पण इथे डोंगर, धो धो पाऊस, दरडी आणि सगळ्यात वाईट म्हणजे डास. हजारो माणसं मलेरिया आणि पिवळ्या तापाने गेली, अंदाज २२,००० पर्यंत सांगतात, १८८९ ला कंपनी बुडाली. गंमत म्हणजे तिथल्या दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून कॉटच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, आणि त्यातच डास वाढायचे! डासाने मलेरिया होतो हे रोनाल्ड रॉसने शोधलं १८९७ ला, आपल्या सिकंदराबादला. हे पनामाच्या कोपऱ्यात नक्की लिहा. मग अमेरिकन आले, त्यांच्या डॉ. विल्यम गॉर्गसने डबकी बुजवली, तेल ओतलं, जाळ्या लावल्या, नळाचं पाणी आणलं आणि मगच कालवा खणता आला. तरी अमेरिकनांच्या काळात सुमारे ५,६०० कामगार गेले, त्यात बार्बाडोस, जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय जास्त.

राजकारण थोडक्यात. पनामा हा कोलंबियाचा भाग होता, ३ नोव्हेंबर १९०३ ला अमेरिकेच्या पाठिंब्याने वेगळा झाला आणि पंधरा दिवसांत कालव्याचा करार झाला, त्यावर पनामाच्या वतीने सही केली एका फ्रेंच माणसाने! कालव्याच्या दोन्ही बाजू मिळून दहा मैलांची पट्टी अमेरिकेच्या ताब्यात. १९६४ ला झेंडा लावण्यावरून दंगल झाली, माणसं मेली, १९७७ ला पनामाचे तोरिहोस आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी नवा करार केला आणि ३१ डिसेंबर १९९९ ला दुपारी कालवा पनामाकडे आला. मधे १९८९ ला पनामाचा लष्करी हुकूमशहा नोरिएगा याला पकडायला अमेरिकेने सैन्य घुसवलं, त्यानंतरच पनामाने आपलं सैन्य ठेवणं बंद केलं. २०२५ मध्ये ट्रम्प परत घ्यायची भाषा करत होते, त्यावर कोणी विचारलं तर मुलीला एवढंच सांगितलं की करार काय आहे ते सांग, मत विचारलं तरच दे.

फायदा किती विचारतील. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सुमारे २२,५०० किमी, कालव्यातून साधारण ९,५००. मोठ्या जहाजाला लाखो डॉलर टोल. आणि सगळ्यात कमी टोल भरला रिचर्ड हॅलिबर्टनने १९२८ ला, तो कालवा पोहून गेला, त्याच्या वजनावर हिशोब करून ३६ सेंट लावले. पोरांना ही गोष्ट इतकी आवडली की दुसऱ्या स्टॉलवरून ऐकायला यायची.

एक सावध करते. लेकीला लिहायचं होतं की नाशिकची द्राक्षं पनामा कालव्यातून युरोपला जातात, डबीत द्राक्षं होतीच ना. नाही जात. आपली द्राक्षं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातून निघून सुवेझने नाहीतर आफ्रिकेला वळसा घालून जातात, पनामा आपल्या वाटेवर नाही. डबीत द्राक्षं ठेवा, खोटं लिहू नका. तसंच पनामा हॅट. ती पनामाची नाहीच, इक्वेडोरची, पनामातून विकली जायची आणि कालव्यावरच्या फोटोंत दिसली म्हणून नाव पडलं. टेबलावर टोपी ठेवलीत तर शेजारी हे लिहा, नाहीतर कोणीतरी पकडेल.

सजावटीला गुना या तिथल्या आदिवासी लोकांचा मोला करा, तो खरा तिथलाच. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बेटांवर गुना राहतात, तिथल्या बायका रंगीत कापडांचे थर एकावर एक ठेवून वरचं कापून खालचा रंग दाखवतात, कडा आत मुडपून शिवतात आणि तो तुकडा ब्लाउजला लावतात. आपल्या गोधडीच्या उलटं काम, तिथे तुकडे वर लावतो, इथे वरचं कापत खाली जायचं. कार्डशीटचे तीन रंग घेऊन कासव नाहीतर पक्षी कापला की अर्ध्या तासात होतो. खायला काही ठेवणार असाल तर पाताकोनेस, कच्ची केळी जाड चकत्या करून तळायची, वाटीने दाबून चपटी करायची, परत तळायची, मीठ. साधी कच्ची केळी जरा चिकट होतात, राजेळी मिळाली तर बरी.

शाळेत नेताना टाकी रिकामी न्या. भरलेली वीस बावीस किलो होते आणि रिक्षात पहिल्याच स्पीडब्रेकरला पॅसिफिक तुमच्या मांडीवर. बादली, जग, फडकं आणि व्हॅसलिनची डबी सोबत ठेवा. समुद्रातलं जादा पाणी मगाने काढून बादलीत टाकायचं, चुकूनही परत तळ्यात ओतायचं नाही. एका परीक्षकांनी मुद्दाम विचारलं, तेच पाणी परत वर का टाकत नाही, किती वाया जातंय. लेक म्हणाली, "सर ते खारट झालंय, वरचं पाणी लोक पितात." त्यांनी बोट बुडवून चव घेतली!

प्रदर्शन संपल्यावर मिठाचं पाणी बेसिनमध्ये ओता, कुंड्यांना घालू नका. टाकी आमच्या गॅलरीतच पडून होती, आणि पहिल्या पावसात तिच्यात पाणी साचलं तसं आबांनी कुठून तरी पिशवीत गप्पी मासे आणून सोडले. दारं अजून आहेत, मासे तळ्यातच असतात, लेक रोज सकाळी एकेक दार उचलून त्यांना समुद्रात जाऊ देते.